२५६ सगळ्यांना लागत नाही

बाई लाल पेन्सिलीनं टेबलावर टक् करून वाजवायच्या आणि म्हणायच्या, "अडखळलं."

बस, एवढंच. समोर कॉम्प्युटरवर गाडी पळतेय, आपण जीव खाऊन बटणं दाबतोय, रस्ता, झाडं, पूल सगळं सुसाट चाललंय, आणि मधेच चित्र पापणी लवते तेवढं थांबतं. आपल्याला कळत पण नाही. बाईंना कळायचं. टक्. "अडखळलं." आणि कागदावर एक लाल रेघ.

टायपिंगची बाई तुम्ही पण बघितली असेल कुठंतरी. वर्गात बारा पोरं खडखड करतायत, बाई पाठ करून खिडकीत उभी, आणि न वळता सांगतेय, "तिसरं मशीन, पुन्हा पहिल्यापासून." कानानं कळायचं त्यांना. आमच्या बाई त्यातल्याच. टायपिंगची मशीनं गेली, कॉम्प्युटर आले, पण बाईंनी चुका मोजायचं सोडलं नाही. आधी पोरांच्या मोजायच्या, मग कार्डांच्या मोजायला लागल्या.

कार्ड म्हणजे गेमचं कार्ड. कॉम्प्युटरच्या पोटात एक हिरवी पट्टी बसवतात, तिच्यावर छोटा पंखा असतो. तिच्या जोरावर गेमचं चित्र दिसतं. त्या कार्डाची आपली स्वतःची मेमरी असते. कोणाची बत्तीस, कोणाची चौसष्ट, एकशेअठ्ठावीस, दोनशेछप्पन. हे मी आता तुम्हाला असं सांगतोय जसा काही इंजिनियर आहे. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. मास्तरांनी मला सोडलं म्हणा, म्हणजे बरोबर होईल.

मी पेंटर. बोर्ड रंगवायचो. विरार ईस्टला दोन हजार तीन-चार साली जेवढी दुकानं होती, त्यातली निम्मी माझ्या हातची. वाचता मला जेमतेम यायचं, पण अक्षर काढायचो असं, की माणसं थांबून बघायची. लोकं विचारायची, "शाळा कुठली हो तुमची?" मी म्हणायचो, "बाहेरची. भिंतीच्या बाहेरची."

बाईंचा क्लास फुलपाड्यात, तळमजल्यावर, एका बाजूला पिठाची गिरणी आणि एका बाजूला शिंपी. एकट्याच राहायच्या, वरच्या मजल्यावर. सुती साडी, चापूनचोपून नेसलेली, हातात घड्याळ आणि त्याशिवाय टेबलावर एक थांबतं घड्याळ, जे बटण दाबलं की पळायला लागतं. टायपिंगच्या स्पीडसाठी. मशीनं काढून त्यांनी चार कॉम्प्युटर आणले तेव्हा पोरं यायला लागली, पण टायपिंग करायला कोण बसतंय? मग बाईंनी नियम केला. पन्नास मिनिटं टायपिंग, दहा मिनिटं गेम. ज्याच्या चुका जास्त, त्याचा गेम कट. पोरं काय टाईप करायला लागली हो! घामानं भिजून. त्या दहा मिनिटांसाठी बाईंनी चांगली कार्डं आणली, आणि चांगलं कुठलं, वाईट कुठलं ते शोधता शोधता त्या त्यातल्या मास्तर झाल्या. लोकं कार्ड मागायला यायला लागली, तर दर शनिवारी ग्रँट रोडच्या बाजारात जाऊन कापडी पिशवीतून आणायच्या. भाजीवाल्याशी बोलावं तसं तिथल्या व्यापाऱ्याला सांगून यायच्या, "नापास झालं तर पुढच्या शनिवारी परत आणीन."

आता मी यात कसा घुसलो ते सांगतो, आणि लाज सोडून सांगतो.

बाईंनी मला बोर्ड करायला बोलावलं. चिठ्ठीवर लिहून दिलं. वर "टायपिंग व कॉम्प्युटर क्लास", खाली "गेमचे कार्ड ६४". मी शिडी लावली, रंग कालवला, वरची ओळ काढली. एकदम झकास. खालची ओळ काढायला गेलो तर उजव्या बाजूला जागा उरायला लागली. ६४ काढला की पुढं हातभर रिकामं. बोर्ड एका बाजूला कलंडल्यासारखा दिसायला लागला. मला झोप नसती आली. आता तिथं काय करायचं? फूल काढायचं? क्लासच्या बोर्डावर फूल बरं नाही. गिरणीसमोर एका दुकानाच्या काचेवर कार्डाची जाहिरात होती, तिच्यावर २५६ लिहिलेलं. तीन आकडे. आणि काय आकडे! दोनाला वळण, पाचाला पोट, सहाला शेपटी. मी ६४ च्या जागी २५६ काढले. ओळ बरोब्बर बसली. मी खाली उतरून लांबून बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो.

बाई बाहेर आल्या. चष्मा वर केला. खाली केला.

"पेंटर, हे काय आहे?"

"बाई, जागा उरत होती."

"म्हणून तू माझं कार्ड चौपट केलंस?"

"मोठा आकडा आहे ना बाई. गिऱ्हाईक वाढेल."

मला वाटलं आता शिडीसकट हाकलतील. तर म्हणाल्या, "आत ये. चप्पल बाहेर काढ. बस इथं."

मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा. गाडीचा गेम लावला, चार बटणं दाखवली, म्हणाल्या, "चालव." आणि लाल पेन्सिल घेऊन बाजूला बसल्या. थांबतं घड्याळ चालू. मी चालवतोय, म्हणजे गाडी मला चालवतेय. टक्. टक्. दहा मिनिटांनी घड्याळ बंद. मग त्यांनी कॉम्प्युटरचं पोट उघडून कार्ड बदललं, पुन्हा मला बसवलं. पुन्हा टक्, पण कमी.

"पहिलं कार्ड दोनशेछप्पनचं होतं. बावीस चुका. दुसरं एकशेअठ्ठावीसचं. चार चुका. आता सांग, कुठलं चांगलं?"

मी डोकं खाजवलं. "बाई, पण मेमरी तर पहिल्याची जास्त."

"स्वयंपाकघरात ओटा असतो ना? मेमरी म्हणजे ओटा. ओटा लहान असला तर डबे जमिनीवर ठेवावे लागतात आणि दर फोडणीला वाकावं लागतं. ते वाकणं म्हणजे हे अडखळणं. ओटा पुरेसा झाला की वाकणं संपलं. मग तो पार हॉलपर्यंत नेलास तरी भाकरी काही लवकर होत नाही. भाकरी हातानं होते. ह्या पहिल्या कार्डाचा हात मंद आहे. कंपनीनं नुसता ओटा मोठा दिलाय."

मला एकदम उजेड पडला. मी म्हणालो, "म्हणजे परांचीसारखं! वर चढलो की जेवढे डबे लागतात तेवढे फळीवर मावले पाहिजेत. एक जरी खाली राहिला तरी उतरा, चढा. पण फळी लांब आहे म्हणून ब्रश काय पळत नाही. आणि फळी केवढी लागेल ते भिंत केवढी त्याच्यावर."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "भिंत म्हणजे मॉनिटर," त्या हळूच म्हणाल्या, जशा काही स्वतःलाच. "बरोबर. पंधरा इंची भिंत, सतरा इंची भिंत. आणि भिंतीवर काय काढायचंय, तेही बघायचं."

त्या दिवसापासून बाई गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न तोच विचारायला लागल्या. "भिंत केवढी?" माणसं गोंधळून आपल्या घराच्या भिंती आठवायची.

बोर्ड त्यांनी पुसू दिला नाही. म्हणाल्या, "एवढं मन लावून काढलंयस. खाली एक ओळ वाढव." मी वाढवली. तेव्हापासून फुलपाड्यात बोर्ड होता, "गेमचे कार्ड २५६", आणि त्याखाली बारीक अक्षरात, "सगळ्यांना लागत नाही." लोकं थांबून वाचायची, हसायची, आणि हसता हसता आत शिरायची. असा धंदा मी कोणाचाच वाढवला नव्हता, आणि तोही चुकून.

मला त्यांनी दर सोमवारी दुपारी बोलवायला सुरुवात केली. नवीन कार्डं तपासायला ड्रायव्हर पाहिजे होता. मला वाटलं माझ्यात काही गुण दिसले असतील. काही महिन्यांनी विचारलं, "बाई, एवढी कॉलेजची पोरं आहेत, मीच का?"

"पोरं रोज सुधारतात. आजच्या चुका उद्या नसतात, मग कार्डाचा हिशोब लागत नाही. तू दर वेळी त्याच वळणावर, त्याच भिंतीवर आपटतोस. सहा महिने झाले, एक इंच फरक नाही. मोजायला तुझ्यासारखं बरं कोणी नाही."

माझ्यासाठी त्यांनी निळी पेन्सिल ठेवली होती. लाल रेघा कार्डाच्या, निळ्या माझ्या. कागद नेहमी निळाच दिसायचा.

"पेंटर, भिंत दिसली की तू तिकडंच का जातोस?"

"सवय आहे, बाई."

एवढ्यावर त्या हसायच्या. आवाज न करता, खांदे हलायचे फक्त.

गिऱ्हाईकांच्या गोष्टी किती सांगू. नायगावच्या नवीन बिल्डिंगमधले एक साहेब आले होते, टाय वगैरे लावून. "मॅडम, सगळ्यात मोठं द्या. माझ्या मुलाला काही कमी पडायला नको."

"भिंत केवढी? म्हणजे मॉनिटर."

"पंधरा इंच."

"खेळतो काय?"

"क्रिकेट. फक्त क्रिकेट."

"मग चौसष्ट पुरे."

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो, मी बँकेत ऑफिसर आहे."

"बरं, मग एकशेअठ्ठावीस घ्या," बाई म्हणाल्या. "चौसष्ट त्याला, चौसष्ट तुम्हाला."

साहेब चौसष्टच घेऊन गेले. पुढच्या महिन्यात शेजाऱ्याला घेऊन आले.

पाचूबंदरहून एक मावशी आली होती, मासळी विकून परत जाताना, टोपली घेऊनच. तिचा पोरगा बोटीवर जायचा, आठ दिवस दर्यात आणि घरी आला की गेम. गेम अडकतो म्हणून घरात भांडणं. मावशी म्हणाली, "बाय, आमाला काय कलतं? दुकानवाला बोल्ला, मोठा घे. तू सांग कोनता मोठा."

बाई म्हणाल्या, "न बघता नाही सांगणार." आणि बसमध्ये बसून पाचूबंदरला. मला सोबत घेऊन, अर्थात, आपटायला कोणीतरी पाहिजे. तिथं जाऊन कॉम्प्युटर उघडला तर कार्डाचा पंखा खाऱ्या वाऱ्यानं गंजून जाम झालेला. कार्ड तापायचं आणि दम खायला थांबायचं. मी माझ्या बारीक ब्रशानं पाती साफ केली, बाईंनी थेंबभर तेल सोडलं, फुर्रकन फिरला. मी आपटलो नेहमीसारखा, पण कार्ड नाही अडखळलं.

"काही घेऊ नको, मावशी. हेच चांगलं आहे. फक्त महिन्यातून एकदा पंखा पुस."

मावशीला पटेना. एवढ्या लांब आली नि काय विकलं नाय, ही कसली दुकानवाली? तिनं जबरदस्तीनं सुके बोंबील बांधून दिले. येताना बसमध्ये आमच्या आजूबाजूच्या चार सीट रिकाम्या. बाई मजेत खिडकीशी बसलेल्या. "बघ पेंटर, ऐसपैस."

हे सगळं चालू असताना माझ्या पोटावर पाय येत होता आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होतो. फ्लेक्स आला होता. कॉम्प्युटरवर बोर्ड बनवायचा, मशीनमधून छापून काढायचा, दुपारी दिला संध्याकाळी लावला. त्यात मालकाचा फोटो पण. माझ्या ब्रशातून मालक कधी मालकासारखा आला नव्हता, तो जावयासारखा यायचा. सहा महिन्यांत माझं काम अर्धं झालं, वर्षात राहिलंच नाही. शेवटचं काम मिळालं ते एका सोसायटीच्या टाकीवर "पिण्याचे पाणी" लिहायचं. तिथं पण मी पिण्याचे असं एवढं मोठं काढलं, की पाणी टाकीच्या मागं गेलं.

बायको चांदीप गावची. ती म्हणाली, "आता काय सोताचं तोंड रंगवनार? भावाकडं चला, भात लावू." भाऊ म्हणजे तिचा भाऊ. मेहुण्याच्या शेतात गुडघाभर चिखलात मी, आणि बांधावर उभा राहून हसणारा मेहुणा, हे चित्र मला ब्रश न घेता दिसत होतं. दुसरा रस्ता होता नायगावच्या टॉवरवर वॉचमन. मी म्हटलं, तिसरा रस्ता काढतो. गेम पार्लर. चार कॉम्प्युटर, पोरं येणार, तासावर खेळणार. बायकोनं अंगावरचं होतं नव्हतं काढून दिलं आणि म्हणाली, "ह्यो शेवटचा. नाय चाललं तर गपचूप चांदीप."

बाईंनी मला एका कागदावर कार्ड लिहून दिलं. एकशेअठ्ठावीस, अमुक नावाचं, हात जलद. "सतरा इंची मॉनिटर घेतोयस, पोरं खेळणार गोळीबाराचे नवीन गेम, त्यांच्या भिंतींवर, कपड्यांवर पुष्कळ नक्षी असते. एकशेअठ्ठावीस पुरे. शनिवारी मी आणते."

शनिवार लांब होता. चार दिवस. तेवढ्यात हायवेकडं जाताना एक नवीन दुकान दिसलं, नाव जाऊ द्या, आता ते नाही पण. आत कार्डांचे खोके मांडलेले. एकेका खोक्यावर आग ओकणारा राक्षस, आणि त्याच्या छातीवर २५६. एवढे मोठे आकडे! चांदीचे! माणसानं किती सोसावं? मला सगळं माहीत होतं. ओटा माहीत होता, परांची माझीच होती, बावीस चुका माझ्याच समोर मोजलेल्या. तरी मी तिथं उभा राहिलो आणि मनात म्हटलं, बाई पुस्तकी आहेत. पोरं काय पुस्तक वाचणारेत? पोरं बाहेरचा बोर्ड वाचणार. बोर्डावर २५६ पाहिजे. धंद्यातलं आपल्याला कळतं.

मी चार घेतली. बाईंना सांगितलं, "एकाकडून मिळाली, तुम्ही नका त्रास घेऊ." कुठली, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं पण नाही.

उद्घाटनाला बाई पेढे घेऊन आल्या. चार कॉलेजची पोरं बसली, बाकीची पाठीमागं उभी. गेम चालू झाला. मी बाईंकडं बघायचं टाळत होतो, पण कान कुठं नेणार? त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती. पर्स होती, काळी, चामड्याची. तिच्यावर त्यांचं बोट आपोआप पडत होतं. टक्. टक्. टक् टक्. त्यांना स्वतःला पण कळत नव्हतं बहुतेक. मग त्यांनी ते बोट दुसऱ्या हातानं धरलं आणि मला म्हणाल्या, "रंग छान दिलायस भिंतीला."

पोरं अर्ध्या तासात उठली. एक जण जाताना म्हणाला, "काका, बंदूक मी मारतो, गोळी उद्या लागते." दुसऱ्या दिवशी तीन आले. आठवड्यानं एक. पंधराव्या दिवशी मी एकटाच, चार कॉम्प्युटर आणि मी, आणि बाहेर बोर्डावर माझ्या हातचा २५६, शेपटीवाला. बायको विचारायची, "आज किती आले?" मी म्हणायचो, "मोजले नाय." खरंच मोजले नव्हते. शून्य कसा मोजायचा?

शेवटी गेलो बाईंकडं. दारात उभा राहिलो, चप्पल काढली, पुन्हा घातली.

"ये. किती चुका?" त्या म्हणाल्या.

"माझी एकच, बाई."

त्यांनी काही बोलायच्या आधी दोन पेन्सिली घेतल्या आणि थांबतं घड्याळ घेतलं. आल्या माझ्याबरोबर. दुपारची वेळ, पार्लर रिकामं, तपासायला त्याहून चांगलं काय. मला एकेका कॉम्प्युटरवर बसवलं. आधी त्यांनी गेममधली भिंत लहान केली, म्हणजे चित्राची साईज कमी केली. नक्षी कमी केली. "कदाचित जमेल," म्हणाल्या. नाही जमलं. चौथ्या कॉम्प्युटरवर घड्याळ बंद करून त्यांनी कागद वर धरला.

"तुझ्या अकरा. कार्डाच्या एकतीस. अभिनंदन, पेंटर. पहिल्यांदा जिंकलास."

मी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. चाळिशीचा बाप्या, राक्षसाच्या खोक्याशेजारी बसून रडतोय. म्हटलं, "बाई, तो दुकानवाला परत घेत नाही. आता चांदीप."

"गप. चांदीपला गेलास तर मी आपटायला कोणाला आणू?"

मग त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ त्या चार कॉम्प्युटरांकडं बघत राहिल्या. टायपिंगच्या पेपरवर शेवटचे मार्क द्यायच्या आधी बघतात तसं. मग उठल्या.

"तुझी चार काढ. माझ्या क्लासमध्ये चार चांगली आहेत, एकशेअठ्ठावीसची. ती इकडं बसवू, ही तिकडं. टायपिंगला काय लागतं? अक्षर काळं, कागद पांढरा. त्याला चौसष्टसुद्धा पुष्कळ झालं."

"आणि तुमची दहा मिनिटं? पोरांची?"

"बघू."

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत आम्ही अदलाबदल केली. त्यांनी हातानं कार्डं बसवली, मी स्क्रू धरले. एक स्क्रू माझ्या हातून पडला तो अजून त्या कॉम्प्युटरात खुळखुळत असेल.

पार्लर चाललं. मी काही केलं नाही. बोर्डावरचा २५६ पुसला, त्या जागी नुसतं "या, बसा" लिहिलं. पोरं आली, मित्रांना घेऊन आली, रविवारी बाहेर बाकडं टाकायला लागलं. बायकोनं चांदीपचं नाव काढणं बंद केलं. मेहुणा स्वतः येऊन खेळून गेला, तोही माझ्याच भिंतीवर आपटला, मला बरं वाटलं.

आणि तिकडं क्लास रिकामा व्हायला लागला. आता बघा, हे कळायला चौथी पास असायची पण गरज नव्हती. पोरं टायपिंगला यायची ती कशासाठी? शेवटच्या दहा मिनिटांसाठी. ती दहा मिनिटं आता अडखळत होती. मग पोरं सरळ माझ्याकडं यायची, मधलं टायपिंग गाळून. वर मला सांगायची, "बाईंनीच पाठवलं. म्हणाल्या, खेळायचं असेल तर पेंटरकडं जा, तिकडं कार्ड चांगलं आहे."

मी गेलो एकदा. म्हटलं, "बाई, दोन परत घ्या. दोन तुमच्याकडं, दोन माझ्याकडं."

"मग दोन्हीकडं अर्धं अर्धं. त्यानं कोणाचंच भागत नाही. माझं काय, मी एकटी. वर्षभरात तशीही टायपिंगची परीक्षा बंद होणार असं म्हणतायत." आणि विषय बदलून, "सोमवारी ये. एक नवीन आलंय तपासायला."

सोमवारी मी जायचोच. पण पार्लरमुळं कधी उशीर व्हायचा, कधी चुकायचं. एका सोमवारी गेलो तर बाई स्वतःच चालवून बघत होत्या, एका हातात पेन्सिल धरून. मला बघून म्हणाल्या, "आपटायला जमत नाही बाबा मला. तुझ्याएवढं."

दीड वर्षानं त्यांनी क्लास बंद केला. बहीण होती मिरजेला, तिच्याकडं जायचं ठरलं. मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे बाईंनी सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल, पोरांचा गोंगाट केवढा. सकाळी साडेदहाला गिरणीवाला पार्लरमध्ये येऊन म्हणाला, "बाईंचा टेम्पो निघाला की रे."

मी तसाच पळालो. पायात एक चप्पल, दुसरी कुठं गेली माहीत नाही. माणूस चाळिशीनंतर पळतो तेव्हा त्याच्याकडं कुत्रीसुद्धा वळून बघतात. फुलपाड्याच्या नाक्यावर टेम्पो थांबलेला दिसला. कपाटाची दोरी सैल झाली होती, ड्रायव्हर ती पुन्हा बांधत होता. बाई पुढं बसलेल्या, मांडीवर पाण्याची बाटली.

मी खिडकीशी गेलो आणि धापा टाकत उभा राहिलो. एवढं पळालो, पण बोलायचं काय ते आणायला विसरलो.

"बाई, ती कार्डं..."

"चालतायत ना नीट?"

"चालतायत."

"झालं तर मग." त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. "पार्लर कोणावर टाकून आलास?"

"कोणावरच नाही."

"पोरं बसलीयत?"

"चारी खुर्च्या."

"मग इथं काय करतोस? जा."

ड्रायव्हरनं गाठ मारली, हात झटकले, चढला. टेम्पो हायवेच्या दिशेनं वळला. बाईंनी हात हलवला का नाही ते मला दिसलं नाही, कपाट आड आलं.

परत आलो. दार सताड उघडं, मी सोडून गेलो होतो तसं. आत चार पोरं. चौघांचीही मान पुढं, डोळे पडद्याला चिकटलेले. मालक एका चप्पलेवर पळून गेला, परत आला, कोणाला पत्ता नाही. एकानं सुद्धा वर बघितलं नाही. चित्र सरसर चाललं होतं, पाण्यासारखं.

मी दारातच उभा राहिलो. आत जाऊन करायचं काय, सुचेना. थोड्या वेळानं बाजूला सरकलो, तर कोपऱ्यातला पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काका, तिथंच उभे राहा ना. दारातून पडद्यावर ऊन येतं."

मी तिथंच उभा राहिलो.